इलेक्ट्रा टाउनी 7डी: दोन्ही पाय टेकतात, मग चढाचं काय?

माझी टाउनी सायकल बघून इथल्या, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी मैत्रिणी दोनच प्रश्न विचारतात. "गुडघे दुखत असतील तर चालेल का गं?" आणि "चढावर जाते का?" पहिल्याला माझं उत्तर 'हो' आहे, पण सीट नीट लावली तर. दुसऱ्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी माझी माहिती, म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय छप्पन्न, उंची पाच फूट एक इंच, वजन 62 किलो. उजवा गुडघा कुरकुर करतो आणि दिवसभर कॉम्प्युटरवर काम असल्यामुळे मान आणि मनगटं आखडलेली असतात. सायकल चालवते ती भाजी-दूध आणायला, लायब्ररीत जायला आणि सुट्टीच्या दिवशी अलामेडा क्रीक या ओढ्याच्या काठाने कोयोटी हिल्स या टेकड्यांपर्यंत. माझी गाडी स्टेप-थ्रू, म्हणजे मधली दांडी खाली वाकवलेली. पुढे एकच चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, मागे सात गिअर. शेजारच्या न्यूअर्क गावातून एक कुटुंब दुसरीकडे राहायला चाललं होतं, त्यांच्याकडून 280 डॉलरला वापरलेली घेतली. कॅरिअर, पुढची बास्केट आणि स्टँड धरून वजन 18 किलो भरतं.

टाउनी ज्या जातीची आहे तिला इथे क्रँक-फॉरवर्ड म्हणतात. पायडल ज्या दांड्यांना लावलेली असतात त्या क्रँकचा मध्य नेहमीच्या सायकलीत सीटच्या जवळजवळ खाली असतो. इथे तो बराच पुढे सरकवलेला आहे. इलेक्ट्रा कंपनी 1993 मध्ये कॅलिफोर्नियातच सुरू झाली, बेनो बेंझिगर आणि जीनो एरफोर्थ या दोघांनी ती काढली, आणि 2014 मध्ये ट्रेकने ती विकत घेतली. टाउनीच्या या रचनेला इलेक्ट्राने 'फ्लॅट फूट टेक्नॉलॉजी' असं नाव दिलं. नाव जाहिरातीचं असलं तरी त्यात जे सांगितलंय ते खरं आहे: सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकतात.

पण पाय तर कुठल्याही सायकलीची सीट खाली घेतली की टेकतात. मग यात विशेष काय? विशेष हे, की इथे पाय टेकत असूनही पायडल मारताना गुडघा पुरेसा सरळ होतो. थोडं गणित करून सांगते. समजा तुमच्या पायाच्या मापाने सीटपासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं अंतर 65 सेंटिमीटर हवं. साध्या सायकलीत ही रेषा जमिनीशी साधारण 73 अंशांचा कोन करते, त्यामुळे सीट क्रँकपेक्षा 62 सेंटिमीटर उंच जाते. तीच रेषा 60 अंशांपर्यंत आडवी केली तर उंची 56 सेंटिमीटर होते. पायाला मिळणारी लांबी तेवढीच राहिली आणि सीट सहा सेंटिमीटर खाली आली. माझ्या उंचीच्या बाईला सहा सेंटिमीटर म्हणजे टोकावर तोल सावरत थांबणं आणि दोन्ही पाय रोवून निवांत उभं राहणं यातला फरक आहे. त्याच हिशोबात सीट क्रँकच्या 13 सेंटिमीटर आणखी मागे गेली. हे 13 सेंटिमीटर लक्षात ठेवा. या गाडीचं सगळं सुख तिथून येतं आणि चढावरचं सगळं दुखणंही तिथूनच.

सुखाबद्दल आधी. माझी आई दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे येते. कॉलेजच्या दिवसांत ती सदाशिव पेठेतून लेडीज सायकलवर फिरायची, लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. गेल्या खेपेला घरामागच्या गल्लीत मी टाउनी तिच्यासमोर धरली. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता. दांडी खाली असल्यामुळे पाय उंच टाकावा लागला नाही. ती सीटवर बसली, खाली बघितलं आणि म्हणाली, "अगं, दोन्ही पाय टेकतायत की!" मग पायडल न मारता नुसते पाय जमिनीवर रेटत तिने दहा-बारा फूट गाडी पुढे नेली, पुन्हा थांबली, पुन्हा नेली. मी मागून धरलेलं कॅरिअर कधी सोडलं ते तिला कळलंही नाही. त्या वयाला पडण्याची धास्ती असते ती थांबताना, चालवताना कमी. या गाडीवर थांबताना सीटवरून उतरावंच लागत नाही. मोठेपणी नव्याने सायकल शिकणाऱ्या कोणालाही मी डोळे मिटून हीच गाडी सुचवेन.

सिग्नलवरही तोच फायदा. फ्रीमाँट बुलेव्हार्डवर लाल दिव्याला मी बसूनच थांबते, पिशव्या बास्केटमध्ये असल्या तरी गाडी कलंडत नाही. हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं असल्यामुळे हातांवर भार जवळजवळ येत नाही. साध्या सायकलीवर अर्ध्या तासात माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, ते इथे थांबलं. मान वर करून बघावं लागत नाही, समोरचं सगळं सरळ दिसतं.

आता गुडघ्याचं. हा भाग घाईत वाचू नका. पाय टेकण्याचं सुख इतकं असतं की बहुतेक जण सीट फारच खाली ठेवतात आणि मग गुडघा कायम दुमडलेला राहतो. अशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटीवर ताण येतो आणि मग दोष गाडीला दिला जातो. सीटची उंची लावायची जुनी रीत अशी: टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात लांब असेल तिथे पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. चवड्यावर पायडल घेतलं की मग गुडघ्याला हवा तेवढा किंचित बाक राहतो. साध्या सायकलीत ती जागा जवळजवळ तळाशी येते. टाउनीत ती तळाच्या बरीच आधी, पुढच्या बाजूला येते, कारण सीट आणि क्रँक यांना जोडणारी रेषाच तिरपी आहे. क्रँक त्या रेषेत आणून माप घ्या. मी असं माप घेतल्यावर सीट दोन सेंटिमीटर वर गेली. थांबताना आता टाचा किंचित उचलल्या जातात, चवडे पक्के टेकतात, आणि गुडघ्याची कुरकुर जवळजवळ गेली. मात्र या गाडीत सीट वर घेतली की ती मागेही जाते, कारण सीटची नळीच आडवी पडलेली आहे. त्यामुळे हँडल लांब वाटायला लागतं. हँडल आपल्याकडे थोडं फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर खांदे ओढले जातात.

आरामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हातांवरचा भार कमी झाला, तो कुठेतरी गेलाच असणार, आणि तो गेलाय बैठकीवर. तासाभरानंतर बसायची हाडं बोलायला लागतात. पाठ ताठ असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका थेट कण्यात चढतो. साध्या सायकलीवर खड्डा दिसला की आपण नकळत पायडलवर उभे राहतो आणि गुडघे धक्का झेलतात. इथे पाय पुढे असल्यामुळे तसं झटकन उठता येत नाही. जाड टायर बरंच काही पोटात घालतात. मी टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत राहून हवा खालच्या अंगाला ठेवते आणि रेल्वे फाटक ओलांडताना वेग अगदी कमी करते. पाठीच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. मान-मनगटांना जी गाडी मानवते ती कंबरेलाही मानवेलच असं नाही. माझी स्वतःची मर्यादा दीड तास. त्यानंतर बाकावर बसून चहाचा थर्मास उघडायचा.

अलामेडा क्रीकचा ट्रेल या गाडीसाठीच केलाय असं वाटतं. नाइल्स कॅन्यन या घळीच्या तोंडापासून सॅन फ्रान्सिस्को खाडीपर्यंत 12 मैल, दक्षिणेच्या काठावर डांबरी, आणि जवळजवळ सपाट. सुरुवातीचं नाइल्स म्हणजे 1915 मध्ये चार्ली चॅप्लिनने जिथे एस्सने स्टुडिओसाठी चित्रपट केले ते गाव. तिथून सकाळी निघालं की ओढ्याच्या पाण्यात बगळे दिसतात, पुढे खाडीजवळ पेलिकन. मात्र दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो आणि तो बरोबर तोंडावर येतो. ताठ बसलेला माणूस वाऱ्याला केवढा तरी आडवा येतो. 20 किलोमीटर वेगाचा समोरचा वारा असेल आणि तुम्ही 15 च्या वेगाने जात असाल, तर हवेचा जो रेटा बसतो तो माझ्या वजनाच्या स्वाराला अंदाजे 4 टक्क्यांच्या (शंभर मीटरमागे चार मीटर) चढाइतका पडतो. सपाट रस्त्यावर अख्खा वेळ चढ. नवरा त्याच्या रोड बाइकवर वाकतो आणि निघून जातो. टाउनीवर वाकायला फारसं काही नाही. कोपर दुमडून छाती थोडी खाली घेता येते, तेवढंच. म्हणून या भागात सपाटीवर चालवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की गिअर हलके हवेत. नुसते डोंगर बघून ठरवू नका.

आता खरा चढ. कोयोटी हिल्सला टेकड्यांभोवती बेव्ह्यू ट्रेल नावाचा साडेतीन मैलांचा डांबरी फेरा आहे. एका बाजूला दलदल आणि बोरू, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाडी. चढ छोटे आहेत, पण त्यातले काही चांगलेच अंगावर येतात. टाउनी चढावर नेमकं काय करते ते तिथे स्वच्छ कळतं.

साध्या सायकलीवर चढ वाढला की आपण उभे राहतो. अख्ख्या शरीराचं वजन आळीपाळीने एकेका पायडलवर पडतं, स्नायूंना फक्त ते वजन पुन्हा वर उचलायचं असतं. क्रँक पुढे असली की उभं राहिलेलं शरीर पायडलच्या मागे राहतं. वजन पायडलवर आणायचं तर पुढे झुकावं लागतं, आणि समोर हँडल मांडीला लागतं. कसंबसं उभं राहता येतं, पण त्यात जोर निघत नाही. म्हणजे चढ बसूनच चढायचा. बसून जोर लावायचा म्हणजे पायडल खाली दाबण्यापेक्षा पुढे ढकलायचं. पाठ नसलेल्या स्टुलावर बसून समोरचं जड कपाट पायाने रेटून बघा, कपाट हलण्याआधी आपणच मागे सरकतो. तसंच इथे होतं. आडव्या रिकम्बंट सायकलींना पाठ टेकायला जागा असते, तिथे हा रेटा पाठ घेते. टाउनीला ती सोय नाही, म्हणून तो रेटा दोन्ही हातांनी हँडल ओढून धरावा लागतो. जे हात सपाटीवर मोकळे होते ते चढावर कामाला लागतात.

वजनाचं काय, असं सगळे विचारतात. 18 किलोची गाडी म्हणजे चढावर मेलोच, अशी समजूत आहे. हिशोब करून बघू. मी आणि गाडी मिळून 80 किलो. 6 टक्क्यांचा चढ ताशी 8 किलोमीटरने चढायला नुसत्या उंचीसाठी 105 वॅटच्या आसपास लागतात. नवऱ्याची 9 किलोची गाडी मला दिली तर त्यातले 12 वॅट वाचतील. हे कमी नाही, पण चढावर उतरून चालावं लागतं त्याचं कारण हे 12 वॅट खात्रीने नव्हेत. कारण आहे गिअर.

गाडी घरी आणली तेव्हा मी ड्राइव्हवेवर खडूने रेघ मारली, सगळ्यात हलक्या गिअरवर टाकली आणि पायडलचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत ढकलत नेली. दुसरी रेघ सव्वातीन मीटरवर पडली. त्या गिअरवर ताशी 8 किलोमीटरने चढायचं तर पायडलचे मिनिटाला फक्त 41 फेरे होतात. एवढ्या मंद फेऱ्यांना प्रत्येक दाबाला भरपूर ताकद लागते. रस्त्याचं घर्षण धरून माझ्या हिशोबाने सरासरी 16 किलोंच्या वर, आणि पायडल पुढे असतं त्या क्षणी त्याहून कितीतरी जास्त. उभं राहता येत असतं तर हे अंगावर निभावलं असतं. बसून, पाठीला आधार नसताना, ते सगळं गुडघ्यावर येतं.

सेंटरव्हिलमधल्या एका मेकॅनिककडून मी पुढचं चेनव्हील 36 दात्यांचं आणि मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, 14 ते 34 दात्यांचं बसवून घेतलं. चेनही कमी करावी लागली, आणि चेनगार्ड नव्या चेनव्हीलला घासत नाही ना ते त्याने गाडी फिरवून तपासलं. पुन्हा खडू, पुन्हा रेघ: आता एका फेऱ्यात 2.2 मीटर. त्याच चढावर त्याच वेगाला मिनिटाला साठ फेरे, आणि पायडलवरचा सरासरी जोर 11 किलोंवर आला. काम तेवढंच करायचंय, पण लहान लहान घासांत. सपाटीवर काही गमावलं का? सगळ्यात जड गिअरवर एका फेऱ्यात सव्वापाच मीटरच्या वर जाते, म्हणजे मिनिटाला 75 फेऱ्यांना ताशी 24 किलोमीटर. ताठ बसून त्याहून जास्त वेगाने मला कुठे जायचं नाही. या गाडीवर केलेला सगळ्यात उपयोगी खर्च कुठला असं विचाराल तर हाच. तुम्ही टाउनी घेणार असाल आणि घराजवळ एकही चढ असेल, तर दुकानातच विचारा की पुढे किती दाते, मागे किती. मागचं मोठं चक्र आणि पुढचं चेनव्हील जवळजवळ सारखे दाते असतील तर निर्धास्त राहा. 21 गिअरची टाउनीही निघाली होती, तिच्यात पुढे तीन चेनव्हील असतात, ती मिळाली तर वेगळं काही बसवावं लागत नाही. सात गिअरच्या गाडीला पुढे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) नाही, म्हणून सांभाळायला ती सोपी, एवढाच तिचा फायदा.

चढायची रीतही वेगळी आहे. चढ सुरू होण्याआधीच हलक्या गिअरवर यायचं, कारण जोर लावलेला असताना चेन उडी मारते, कधी अडते. कोपर वाकवून छाती हँडलकडे न्यायची, बैठक सीटच्या रुंद भागात मागे टेकवायची. पायडल खाली दाबायचा विचार सोडून पुढे ढकलायचा करायचा, आणि टाच थोडी खाली राहू द्यायची. असं केलं की जोर मांडीच्या पुढच्या भागावरून नितंबाच्या मोठ्या स्नायूंकडे जातो. पहिले काही आठवडे माझे तेच स्नायू दुखले, गुडघा मात्र नाही. माझ्या लेखी हा सौदा चांगला आहे.

वेग फार कमी झाला की मात्र गाडी डुलते. भार मागच्या चाकावर जास्त, पुढचं चाक लांब आणि त्याचा चिमटा तिरपा, त्यामुळे ताशी पाच-सहा किलोमीटरच्या खाली हँडल आपणहून एका बाजूला पडू बघतं. चाकांमधलं अंतर मोठं असल्याने पुढचं चाक उचललं जाण्याची भीती नसते, पण सरळ रेषा धरणं कठीण जातं. अशा वेळी बेव्ह्यूवर चालणारी माणसं, मुलांच्या गाड्या, कुत्री असली तर मी सरळ उतरते. आणि उतरणं या गाडीवर किती सोपं आहे! पाय टेकला, दांडीतून दुसरा पाय काढला, झालं. रोड बाइकवर चढात थांबलेला माणूस पुन्हा सुरू करताना धडपडतो. टाउनीवर चढातही बसल्या जागेवरून पुन्हा निघता येतं, फक्त एक पायडल वर आणून ठेवायचं.

डंबार्टन पुलाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण माझ्या मते टाउनीची खरी परीक्षा तिथे होते. 1982 मध्ये सुरू झालेला हा पूल खाडी ओलांडून मेनलो पार्कच्या बाजूला जातो. सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी एका बाजूला कठड्याने वेगळा केलेला रस्ता आहे. जहाजांसाठी मधल्या भागाखाली 85 फूट मोकळी जागा ठेवलीय, म्हणजे तेवढी उंची चढायची. बेव्ह्यूच्या मानाने चढ सौम्य आहे पण संपता संपत नाही, आणि वारा आडवा किंवा समोरून. असा लांब, एकसारखा, बसून चढायचा चढ टाउनीला फार छान जमतो. तिसऱ्या गिअरवर लय लागली की मी वरपर्यंत न थांबता जाते. ताठ बसल्यामुळे छाती मोकळी असते, श्वास पूर्ण घेता येतो, दोन्ही बाजूंची खाडी नीट बघता येते. त्या पुलावर रोड बाइकवाले मला मागे टाकतात ते टाकोत. छोटा पण खडा चढ, जिथे उभं राहून वीस सेकंद ताकद लावली की काम होतं, तिथे मात्र ही गाडी हरते. म्हणून "चढावर जाते का" याआधी "चढ कसला आहे" हे विचारायला हवं.

क्रँक-फॉरवर्ड म्हणजे फक्त टाउनी नव्हे. कॅन्ससमधल्या हेज गावची रॅन्स ही कंपनी रँडी श्लिटर यांनी काढली. ते छोटी विमानं बनवायचे आणि रिकम्बंट सायकलीही. त्यांनी क्रँक-फॉरवर्ड गाड्यांची मालिकाच आणली, त्यातली फ्यूजन सॅन होजेतल्या एका ओळखीच्या काकांकडे आहे. मी ती थोडा वेळ चालवून बघितली. सीट खूप रुंद, मागून किंचित उचललेली, त्यामुळे ढकलताना कमरेखाली थोडा अडसर मिळतो. चढावर तेवढ्याने फरक पडतो, मागे सरकणं कमी होतं. काका सत्तरीचे आहेत, लांब पल्ल्याला जातात आणि खूष आहेत. मला ती माझ्या उंचीला लांबलचक वाटली आणि वळवताना जागा जास्त लागली. बाजारहाटाला टाउनी, दिवसभराच्या सफरीला फ्यूजन, असं माझं मत झालं.

मोटर असलेली टाउनी गो! सुद्धा मिळते. मिशन सॅन होजेच्या उतारावर घर असलेल्या एका मैत्रिणीने ती घेतली. बसून चढायची गाडी आणि त्याला मोटरची जोड, हे जुळतं खरं, कारण उभं राहता न येणं ही एकच मोठी उणीव मोटर भरून काढते. पण ती गाडी जड आहे. बॅटरी संपली तर घर गाठणं अवघड, आणि गॅरेजच्या पायरीवरून एकटीने उचलणं माझ्याने झालं नाही. ज्यांचं घर टेकडीवर आहे त्यांनी घ्यावी. सपाट भागात राहणाऱ्यांनी साधी घेऊन गिअर बदलून घ्यावेत.

काही बारीक गोष्टी. गाडी लांब असल्यामुळे बार्ट या इथल्या लोकल ट्रेनच्या स्टेशनवरच्या लिफ्टमध्ये तिरपी घालावी लागते, आणि गर्दीत ते नकोसं होतं. दांडी खाली असल्याने कारच्या मागच्या रॅकवर लटकवायला वेगळी आडवी नळी विकत घ्यावी लागते. बास्केटमध्ये पाच-सहा किलोंपेक्षा जास्त भाजी टाकली की हँडल जड होतं, म्हणून बटाटे-कांदे मागच्या कॅरिअरवर, पालक-कोथिंबीर पुढे. ओढणीसाठी चेनगार्ड चांगला आहे, तरी मागच्या चाकाकडे लक्ष असू द्या.

उंच माणसांनी, म्हणजे सहा फुटांच्या आसपास, आधी चालवून बघावी. नवरा पाच फूट अकरा आहे. सीट पूर्ण वर घेतल्यावर तो इतका मागे जातो की वळताना बाहेरचं हँडल हातातून निसटायला लागतं. त्याला ती आवडली नाही. खेळ म्हणून, वेगासाठी, डोंगरांसाठी सायकल चालवणाऱ्याला ती आवडण्याचं कारणही नाही. गुडघे-मनगटांच्या तक्रारी असणारे, ठेंगणे, पडण्याची भीती असलेले, बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकलवर बसणारे, ज्यांचा रोजचा रस्ता बहुतांशी सपाट आहे, त्यांनी बिनधास्त घ्यावी.

घेण्याआधी दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन गोल मारून समाधान मानू नका. तिथे ती सगळ्यांनाच आवडते. दुकानदाराला विचारून जवळच्या एखाद्या फ्लायओव्हरवर न्या. टाचेचं माप घेऊन सीट लावा, सगळ्यात हलक्या गिअरवर टाका आणि बसूनच वरपर्यंत चढा. हँडल फार ओढावं लागलं किंवा गुडघ्यात कळ आली, तर पुढचं चेनव्हील लहान बसवून मिळेल का ते तिथेच ठरवून घ्या, आणि त्याचे पैसे गाडीच्या किमतीत धरा.